अंगठा म्हणजे संमती नव्हे

2019 च्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढल्याची बातमी देशभर गेली, तेव्हा खासगी दवाखान्यांच्या बाजूने एक उत्तर ऐकू आलं. बायकाच येऊन पिशवी काढा म्हणतात, त्याला डॉक्टर काय करणार? आज बिलाचा विषय काढला की त्याच उत्तराची धाकटी बहीण पुढे येते. आकडा आधी सांगितला होता, नातेवाइकांनी सही केली होती, पैसेही भरले, मग आता तक्रार कसली? दोन्ही उत्तरं एकाच कागदावर उभी आहेत. त्या कागदावर खाली एक अंगठा असतो आणि वर काय लिहिलंय ते अंगठा उमटवणारीला कुणी वाचून दाखवलेलं नसतं.

आधी आकडे. जून 2019 मध्ये तेव्हाचे आरोग्यमंत्री एकनाथ शिंदे यांनी विधान परिषदेत सांगितलं की बीड जिल्ह्यातल्या 99 खासगी रुग्णालयांत तीन वर्षांत 4,605 गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया झाल्या. पुढे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांचं सर्वेक्षण आलं, आणि त्यांतल्या 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. म्हणजे सहांतली एक. चाळिशी न गाठलेल्या बायका त्यात मोठ्या संख्येने होत्या. हे आकडे सरकारचेच असल्याने कुणा आंदोलकाने फुगवले म्हणून त्यांना उडवून लावता येत नाही.

आता 'मागणी'कडे बघू. दसरा-दिवाळीच्या सुमारास केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारकडची टोळी निघते. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल घेतलेली, ती फेडेपर्यंत फड सोडता येत नाही. पहाटे तोड, मग मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीत चढवणं, पुन्हा कोपीत येऊन चूल. संडास नाही, आडोसा नाही, पाणी बऱ्याचदा ओढ्याचं किंवा पाटाचं. एक दिवस पडून राहिलं की खाडा, आणि खाड्याचा दंड उचलीत चढतो. अशी बाई अंगावरून पांढरं जातं, ओटीपोट दुखतं म्हणून दवाखान्यात जाते. तिथे सोनोग्राफी होते. पिशवीला सूज आहे, गाठ आहे, ठेवली तर कॅन्सर होईल, असं तिला सांगितलं जातं. हे सांगणाऱ्या बायका त्या वर्षी एका गावात नव्हे, गावोगाव भेटल्या. कॅन्सर म्हटल्यावर दोन लेकरांची आई काय म्हणेल? काढून टाका म्हणेल. या म्हणण्याला मागणी ठरवायचं आणि त्याच्या आड जाऊन बसायचं, हे वैद्यकीच्या कुठल्या पुस्तकात बसतं?

बहुतेक वेळा हे दुखणं संसर्गाचं असतं. ते औषधांनी बरं होतं, हे स्त्रीरोगतज्ज्ञाला आपण सांगायला नको. अंडाशयही काढलं तर तिशीतल्या बाईला अकाली रजोनिवृत्ती येते, हाडं लवकर ठिसूळ होतात आणि कंबर धरते, हेही त्यांना ठाऊक असतं. डिग्री नेमकी याचसाठी असते, की रुग्णाने काय मागितलं आणि त्याला काय हवं आहे यातला फरक एका माणसाला कळावा.

आणि मागणीचाच युक्तिवाद घ्यायचा, तर तो या जिल्ह्यात एकदा वापरून झाला आहे. मुलगा की मुलगी ते सांगा, ही मागणीही लोकांचीच होती. 2012 मध्ये परळीत बेकायदा गर्भपाताच्या वेळी एका महिलेचा मृत्यू झाला आणि डॉ. सुदाम मुंडे प्रकरण उघडकीला आलं. लोक मागत होते म्हणून डॉक्टरने केलं, हे न्यायालयाने ऐकून घेतलं नाही. 2019 मध्ये शिक्षा झाली. तिथे न चालणारी सबब पिशवीच्या बाबतीत कशी काय चालते?

संमती म्हणजे काय, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2008 मध्ये सांगून ठेवलं आहे, आणि तो खटला नेमका गर्भाशयाचाच होता. दिल्लीतली एक अविवाहित महिला दुर्बिणीतून तपासणी करून घ्यायला गेली होती. ती भुलीत असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची परवानगी घेतली आणि गर्भाशय, अंडाशय काढून टाकलं. न्यायालय म्हणालं, रुग्ण सज्ञान आहे, जिवाला तातडीचा धोका नव्हता, तेव्हा आईची सही चालणार नाही आणि तपासणीची संमती शस्त्रक्रियेला लागू होणार नाही. निकालाचा शेवट मला विशेष महत्त्वाचा वाटतो. भरपाई फक्त 25 हजारांची होती, पण त्याबरोबर न्यायालयाने त्या शस्त्रक्रियेची फीसुद्धा डॉक्टरला नाकारली. संमती नाही तर बिलही नाही, असा सरळ हिशेब त्या निकालाने मांडला. आपल्याकडे नवऱ्याचा, दिराचा, कधी तर सोबत आलेल्या मुकादमाच्या माणसाचा अंगठा घेऊन फाईल पूर्ण करणाऱ्यांनी हा हिशेब एकदा वाचावा.

एप्रिल 2023 मध्ये राजस्थान, बिहार, छत्तीसगडमधल्या अशाच शस्त्रक्रियांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सगळ्या राज्यांना अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रिया रोखण्याची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. बीडमध्ये 2019 नंतरच जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीची अट आली होती. डॉक्टरच्या निर्णयावर दुसऱ्या डॉक्टरची सही लागावी, अशी वेळ शासनावर का आली, याचं उत्तर मागणीवाल्यांनी द्यावं.

आता बिल. पिशवीच्या शस्त्रक्रियेचं बिल 30 हजार धरलं, तर शहरातल्या माणसाला तो नुसता एक आकडा वाटतो. फडातल्या माणसाला तो टनांत मोजावा लागतो. 2019 च्या सुमारास तोडणीचा दर टनाला अडीचशेच्या आत होता. एका कोयत्याने दिवसाला दोन टन तोडले असं धरलं, तरी 30 हजारांसाठी नवरा-बायकोने दोन महिन्यांहून जास्त दिवस एक घास न खाता, एक खाडा न करता ऊस तोडायचा. जानेवारी 2024 मध्ये दर 34 टक्क्यांनी वाढून साडेतीनशेच्या थोडा वर गेला. तरीही जवळजवळ दीड महिना लागतोच. हे पैसे घरात नसतात. ते मुकादमाकडून येतात, पुढच्या हंगामाच्या उचलीत मिळवले जातात. म्हणजे दवाखान्याचं बिल भरलं गेलं त्या दिवशी पिशवी काढलेल्या बाईचा पुढचा हंगाम विकला गेला. टाके भरून यायच्या आत ती पुन्हा मोळी उचलायला उभी राहते ती यामुळे. 'पैसे भरले ना, मग मान्य होतं' असं म्हणणाऱ्याने हे पैसे कुणाचे होते आणि ते कशाने फिटणार होते, हेही विचारावं.

यावर दुसरा प्रतिपक्ष येतो, तो अधिक सुशिक्षित असतो. त्याचं म्हणणं, दवाखाना हा व्यवसाय आहे. हॉटेलात जेवल्यावर बिलावर वाद घालता का? बरं झालं हॉटेलचं नाव निघालं. हॉटेलात आधी मेन्यू कार्ड येतं. भाकरी किती रुपयांची, ठेचा फुकट की विकत, हे घास घेण्याआधी कळतं. महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायदा 1949 चा. त्याखालचे नियम 14 जानेवारी 2021 रोजी सुधारले गेले आणि त्यांनी खासगी रुग्णालयांकडून हेच मागितलं. दरपत्रक दर्शनी भागात लावा, मागेल त्याला दाखवा. रुग्णहक्कांची सनद भिंतीवर लावा. बिल तपशीलवार द्या. तक्रारीसाठी स्थानिक प्राधिकरणाने कक्ष आणि टोल फ्री क्रमांक ठेवावा. बीडसारख्या जिल्ह्यात ही जबाबदारी जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयाची. कायदा आहे, नियम आहेत, पाच वर्षं होऊन गेली. वाचकांनी जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी खासगी दवाखान्याच्या प्रतीक्षागृहात उभं राहून भिंती बघाव्यात. देवादिकांचे फोटो, पदव्यांच्या फ्रेमा, बाळाचं मोठं पोस्टर, कॅमेरा चालू असल्याची पाटी. दरपत्रक दिसलं तर त्या डॉक्टरांचं अभिनंदन करावं. मी तरी नक्की करेन.

बिलाचा कागदही जरा जवळून बघण्यासारखा असतो. पुष्कळदा तो बिल नसतोच. औषध कंपनीने दिलेल्या पॅडवरची चिठ्ठी असते, तीवर फक्त एकूण रक्कम आणि खाली 'पॅकेज'. नीट छापील बिल मागितलं तर उद्या या, अकाउंटवाला आला नाही. ज्या मोठ्या दवाखान्यांत छापील बिल मिळतं तिथे ओळी भरपूर असतात: बेड, नर्सिंग, आरएमओ, ओटी, भूल, असिस्टंट, मॉनिटर, कचरा विल्हेवाट. नर्सिंग बेडच्या दरात धरलेलं की वेगळं, व्हिजिट दिवसाला एक की दोन, डॉक्टर रविवारी आले होते का, हे विचारायला कुणी धजत नाही. औषधं दवाखान्यातल्याच मेडिकलमधून आलेली, आणि त्यांचं बिल वेगळं. ऑपरेशनसाठी पिशवीभर सामान आत जातं. त्यातलं किती वापरलं आणि किती मागच्या दाराने पुन्हा काउंटरवर आलं, याचा हिशेब नातेवाइकाला कधी दिसत नाही. 2018 मध्ये औषध दर नियंत्रित करणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाने दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा वापरून फेकायच्या वस्तूंवर 1,700 टक्क्यांच्या पलीकडे नफा निघाला होता. इंजेक्शनची सिरिंज, सलाइनचा सेट, हातमोजे अशा वस्तूंवर. औषध कुठून घ्यायचं हे ठरवण्याचा हक्क रुग्णहक्कांच्या सनदेत लिहिलेला आहे. दवाखान्यातल्याच मेडिकलमधून घ्या अशी सक्ती करता येत नाही.

इथे एक खरा मुद्दा आहे आणि तो टाळायला नको. ऑक्टोबर 2020 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने कोविडेतर रुग्णांचे दर सरकारने ठरवून देणं रद्द केलं होतं. खासगी दवाखाने हा निकाल पुढे करतात. करू देत. दर ठरवून देणं वेगळं आणि स्वतः ठरवलेला दर लिहून लावणं वेगळं. 2021 चे नियम डॉक्टरला त्याची फी किती असावी हे सांगतच नाहीत. जी असेल ती आधी सांगा एवढंच म्हणतात. यालाही विरोध असेल, तर बाजाराच्या स्वातंत्र्याचा मुद्दा पुढे करू नये; इथे स्वातंत्र्य हवं आहे ते माणूस बघून आकडा सांगण्याचं.

आणि जिथे दर ठरवून दिले होते तिथे काय झालं, तेही आपण पाहिलं. मे 2020 मध्ये राज्याने कोविड रुग्णांसाठी साध्या वॉर्डाचे दिवसाला 4,000, आयसीयूचे 7,500 आणि व्हेंटिलेटरसह 9,000 रुपये ठरवले. जून 2021 पासून शहरांचे तीन वर्ग झाले आणि सर्वांत खालच्या वर्गासाठी हेच दर 2,400, 4,500 आणि 5,400 वर आले. बिल तपासायला लेखापरीक्षक नेमले गेले. तरीही जन आरोग्य अभियान आणि कोरोना एकल महिला पुनर्वसन समितीने राज्यभर अडीच हजारांवर रुग्णांची बिलं नि अनुभव गोळा केले, तेव्हा चारांतल्या तीन जणांकडून जादा पैसे घेतल्याचं दिसलं. नवरा गेलेल्या बायका फाईल घेऊन तहसीलच्या पायऱ्या चढत होत्या. त्यांतल्या काहींना तक्रारीनंतर पैसे परतही मिळाले. भरलेलं बिल परत येऊ शकतं, हे महाराष्ट्रात घडलेलं आहे.

मग शेवटची भीती दाखवली जाते. असे प्रश्न विचारत बसलात तर डॉक्टर खेड्यात राहणार नाहीत, अंबाजोगाई किंवा बीड गाठेपर्यंत रुग्ण वाटेत जाईल. भीती खोटी नाही. सरकारी व्यवस्था जिथे तोकडी आहे तिथे रात्री दोनला दार उघडणारा खासगी डॉक्टर हाच आधार असतो, आणि काच फोडणाऱ्या, डॉक्टरवर हात टाकणाऱ्या टोळक्याचं समर्थन करता येणार नाही. 2010 च्या कायद्याने तो अजामीनपात्र गुन्हा आहे आणि असायलाच हवा. शिवाय तोडफोड झाली की बिलाचा प्रश्न तिथेच मरतो. दवाखाना फिर्यादी होतो आणि नातेवाईक आरोपी. पण दरपत्रक लावल्याने कुठला डॉक्टर गाव सोडून गेला? उलट रास्त पैसे घेणाऱ्या डॉक्टरला त्याचा फायदाच आहे. त्याचे दर आणि शेजारच्याचे दर लोकांना दिसतील. धंद्यातल्या लुच्च्यांना वाचवण्यासाठी सचोटीच्या डॉक्टरांनी संघटना म्हणून छातीचा कोट करायचा, हे मला कधीच समजलेलं नाही.

राहिलं 'लोकच अडाणी आहेत, जागृती हवी'. हे ऐकायला सहानुभूतीचं वाटतं, पण यात जबाबदारी गुपचूप रुग्णाच्या गळ्यात पडते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचंच घ्या. बीड हा शेतकरी आत्महत्यांचा जिल्हा म्हणून पांढऱ्या शिधापत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही ती आधीपासून लागू होती; जुलै 2024 पासून राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याचं टेबल असतं, पाटी असते. तरीही काउंटरवर 'हे योजनेत बसत नाही' एवढंच तोंडी सांगून अनामत भरून घेतली जाते. योजनेत बसतं की नाही हे ऊस तोडणाऱ्या बाईने जाणून घ्यायचं, की पगार घेऊन तिथे बसलेल्या माणसाने लेखी द्यायचं? 155388 वर फोन करून विचारता येतं. ज्याच्याकडून पैसे मागितले गेले त्याने 'बसत नाही' हे कागदावर मागावं.

तसंच रोखून धरण्याचं. बिल भरल्याशिवाय रुग्णाला सोडत नाही किंवा मृतदेह देत नाही, असं म्हणणं बेकायदेशीर आहे. थकलेल्या पैशासाठी दवाखान्याला दावा लावता येतो, माणूस तारण ठेवता येत नाही. भारतीय न्याय संहितेचं 127 वं कलम बेकायदा डांबून ठेवण्याबद्दल आहे, आणि त्यासाठी पोलीस ठाण्यात जाता येतं. केसपेपरची प्रत मागितल्यापासून 72 तासांत द्यायची, हा वैद्यक परिषदेचा 2002 चा नियम आहे; ती झेरॉक्सची कृपा नव्हे.

ग्राहक आयोगाचं दारही बंद नाही. पैसे घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते, हे 1995 पासून ठरलेलं आहे. 5 लाखांपर्यंत भरलेल्या बिलाच्या तक्रारीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि बीडला जिल्हा आयोग आहे. मात्र मुदत दोन वर्षांची. ज्या कुटुंबाचे वर्षातले सहा महिने सांगली-कोल्हापूरच्या किंवा कर्नाटकातल्या फडात जातात, त्याला दोन वर्षं म्हणजे प्रत्यक्षात एकच वर्ष. तारखा नेमक्या हंगामात पडतात. पश्चिम बंगालने 2017 च्या कायद्याने रुग्णालयांवर वेगळा नियामक आयोग बसवला आणि तो जादा घेतलेले पैसे परत करायला लावतो. आपल्याकडे नोंदणी देणारं, तपासणी करणारं आणि तक्रार ऐकणारं कार्यालय एकच आहे, आणि त्याच्याकडे जिल्हा रुग्णालयही चालवायचं काम आहे.

म्हणून माझी मागणी रुग्णांकडे नाही, जिल्हा शल्यचिकित्सकांकडे आहे. दसऱ्याच्या आत, टोळ्या निघायच्या आधी, जिल्ह्यातल्या नोंदणीकृत खासगी रुग्णालयांची तालुकावार यादी प्रसिद्ध करा. कुणी दरपत्रक लावलं, कुणी नाही, कुणाकडे शेवटची तपासणी कधी झाली, किती तक्रारी आल्या आणि किती निकाली निघाल्या, हे त्यात असू द्या. यादी प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा आणि मुकादमांच्या नोंदणीच्या वेळी टोळीला वाचून दाखवा. ज्या दवाखान्यात दरपत्रक नाही त्याला नोटीस द्या, आणि नोटिशीनंतरही नसेल तर नोंदणी रोखा. 1949 चा कायदा तुम्हाला तो अधिकार देतो.